वेब फॉर्म्सवरून एएसपी डॉटनेट कोअरकडे जाणाऱ्या विकासकांच्या प्रशिक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका.

मार्फत : मा. उपायुक्त, ई-गव्हर्नन्स

दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

विषय : मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाने व दाखले यांच्या वेब प्रणाली नव्या फ्रेमवर्कवर नेण्यापूर्वी संगणक विभागातील विकासकांना कार्यालयीन वेळेत आणि आपल्याच प्रणालींवर आधारलेले पुरेसे प्रशिक्षण मिळण्याबाबत.

संदर्भ : प्रणाली स्थलांतराविषयीचे विभागाचे परिपत्रक, जानेवारी २०२६.

महोदय,

संदर्भीय परिपत्रकानुसार आपल्या सर्व वेब प्रणाली मार्च २०२७ अखेर एएसपी डॉटनेट कोअरवर न्यायच्या आहेत. हा निर्णय योग्य आहे. आम्हीच गेली काही वर्षे त्यासाठी टिपण्या सादर करत आलो आहोत. स्थलांतराला आमचा विरोध नाही, हे प्रथमच नमूद करतो. मात्र परिपत्रकात प्रशिक्षणाविषयी एकच ओळ आहे: शनिवारी आणि रविवारी मिळून दोन दिवसांचे ऑनलाइन सत्र. हे निवेदन त्या एका ओळीविषयी आहे.

आपल्या प्रणाली वेब फॉर्म्सवर उभ्या आहेत. २००२ साली डॉटनेट फ्रेमवर्कच्या पहिल्या आवृत्तीबरोबर ते तंत्र आले. डॉटनेट कोअर २०१६ च्या जूनमध्ये आले आणि वेब फॉर्म्स त्यात आणले जाणार नाहीत, हे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्पष्ट केले. जुन्या फ्रेमवर्कला विंडोजसोबत सुरक्षा दुरुस्त्या अजूनही मिळतात, त्यामुळे उद्याच सारे बंद पडेल अशी भीती आम्ही घालणार नाही. पण मालमत्ता कराची प्रणाली ज्या विंडोज सर्व्हर २०१६ वर चालते, त्याचा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ रोजी संपतो. त्यानंतर वसुलीचा अडीच महिन्यांचा हंगाम उरेल. हाताशी वेळ आहे, पण तो वाया घालवण्याइतका नाही.

प्रशिक्षण कमी पडले तर काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच दारातले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एक इशारा दिला. वेब फॉर्म्सच्या ‘मशीन की’ अनेक विकासकांनी सार्वजनिक उदाहरणांतून जशाच्या तशा उचलून वापरल्या आहेत, इंटरनेटवर उघड पडलेल्या अशा ३,००० हून अधिक की सापडल्या आहेत आणि त्यांच्या आधारे व्ह्यूस्टेटमधून सर्व्हरवर परका कोड चालवता येतो, असे त्यात म्हटले होते. त्याच वर्षी जुलैत शेअरपॉइंट सर्व्हरवर झालेल्या हल्ल्यांत याच की चोरल्या गेल्या. इशारा वाचून आम्ही आमच्या सेटिंगच्या फाइली उघडल्या. एका प्रणालीत अशीच उसनी की होती. ती कोणी आणि कधी टाकली, याची नोंद कुठेच नव्हती. त्याच दिवशी आम्ही ती बदलली. ज्याने ती टाकली त्याच्या हेतूत खोट नव्हती. दोन सर्व्हर एकत्र चालवायचे होते, कसे ते कोणी शिकवले नव्हते, म्हणून मिळाले ते उचलून लावले. नव्या फ्रेमवर्कमध्ये या चाव्या वेगळ्या पद्धतीने साठवल्या जातात. दोन सर्व्हरमध्ये त्या सामायिक ठेवल्या नाहीत, तर एका सर्व्हरवर लॉगिन केलेल्या नागरिकाला दुसरा सर्व्हर ओळखत नाही. ही गोष्ट दोन दिवसांच्या सत्रात कोणी सांगणार नाही आणि ती समजेल तेव्हा ३१ मार्चची रांग लागलेली असेल.

महोदय, हा बदल नेमका काय आहे हे थोडे सविस्तर मांडतो, कारण ‘जुने आणि नवे दोन्ही डॉटनेटच, भाषाही सी-शार्पच, मग दोन दिवस पुरेत’ असे आम्हाला बैठकीत सांगण्यात आले. भाषा तीच आहे, हे खरे. पण वेब फॉर्म्सची रचना मुळात व्हिज्युअल बेसिकमधून आलेल्या विकासकांसाठी झाली. पानावर बटण ओढून ठेवायचे, त्यावर दोनदा क्लिक करायचे आणि आत कोड लिहायचा. आमच्यातील ज्येष्ठ याच वाटेने आले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात प्रत्येक वेळी नवे बोलणे होते, मागचे काही लक्षात राहत नाही, ही वेबची मूळ अट त्या तंत्राने पोस्टबॅक आणि व्ह्यूस्टेटच्या आड झाकून ठेवली. वीस वर्षे आम्ही त्या झाकणावर काम केले. नव्या फ्रेमवर्कमध्ये ते झाकण नाही. विनंती आली की ती मिडलवेअरच्या कोणत्या टप्प्यांतून जाते, कोणती वस्तू किती काळ जिवंत राहते, माहिती कुठे साठते, हे सारे विकासकाने स्वतः ठरवायचे असते. ग्रिडव्ह्यू नाही, अपडेटपॅनेल नाही. ज्या ग्रंथालयावर आमचा सगळा कोड टेकला आहे ते सिस्टिम डॉट वेबच नाही. शिकण्याइतकेच जुने विसरावेही लागणार आहे आणि विसरायला जास्त दिवस लागतात.

त्यात आपले काम मराठीत चालते. गेल्या वर्षी आम्ही स्वतःहून चाचणी सर्व्हरवर नाव-दुरुस्तीचे एक पान नव्या फ्रेमवर्कमध्ये करून पाहिले. पान नीट दिसले. पण जतन केल्यावर येणाऱ्या संदेशात मालकाच्या नावाऐवजी चिन्हे आणि आकड्यांची माळ उमटली. दोन दिवस शोधल्यावर कारण सापडले: एएसपी डॉटनेट कोअर सुरक्षिततेसाठी मूळ लॅटिन अक्षरांपलीकडचे प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात बदलून पाठवते. ‘म’ हे अक्षर युनिकोडच्या सर्वसाधारण साठवणीत ३ बाइट घेते, या सांकेतिक रूपात ७. ब्राउझर पानावर ते पुन्हा ‘म’ करून दाखवतो, जावास्क्रिप्टच्या आत मात्र करत नाही. उपाय दोन ओळींचा आहे, देवनागरीची मुभा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये द्यायची. पण त्या दोन ओळी इंग्रजी उदाहरणांवर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला ठाऊक असतीलच असे नाही, कारण त्याला कधी त्यांची गरज पडलेली नसते. डॉटनेट ५ पासून विंडोजवरही अक्षरांची तुलना आणि क्रमवारी लावणारे ग्रंथालय बदलले आहे. मतदारयादीसारखी लांब यादी अकारविल्हे लावताना क्रम जुना राहतो की नाही, हे तपासूनच घ्यावे लागेल. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली जुनी माहिती अजूनही काही तक्त्यांत पडून आहे, तिचा प्रश्न आणखी वेगळा.

मालमत्ता कराचे नियम हा आमच्या काळजीचा सर्वांत मोठा भाग आहे. बिलात सर्वसाधारण करापासून वृक्षकर, शिक्षण कर, बिगरनिवासी मालमत्तांवरचा रोजगार हमी उपकर असे अनेक रकाने असतात. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. मध्येच अभय योजना जाहीर होते आणि ती शास्ती काही तारखांपुरती कमी होते. माजी सैनिकांची सूट वेगळी, वाढीव बांधकामाची आकारणी वेगळी. हे सगळे नियम कुठल्या एका दस्तऐवजात लिहिलेले नाहीत. ते स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये आहेत, ठरावांच्या झेरॉक्स प्रतींत आहेत आणि उरलेले आमच्या डोक्यात. एक साधे उदाहरण द्यावेसे वाटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २.५० चे पूर्णांकन ३ होते. सी-शार्पमधील नेहमीची पद्धत वापरली तर ते २ होते, कारण ती बरोबर मधल्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. हिशेब प्रोसिजरमधून कोडमध्ये हलवताना हे लक्षात राहिले नाही, तर काही बिलांत रुपयाचा फरक पडेल. नागरिक तो रुपया धरून काउंटरवर येतो आणि त्याचे बरोबरच असते. असे बारकावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांनाच नवे तंत्र शिकवावे, एवढीच आमची विनंती आहे. बाहेरून नवे तंत्र जाणणारा माणूस आणता येतो, पण त्याला आपली घरपट्टी शिकवायला वर्ष लागते.

मागच्या वर्षीही एक दोन दिवसांचे सत्र झाले होते. आम्ही सर्वजण सुट्टी सोडून हजर होतो. एका संस्थेच्या प्रशिक्षकाने सिनेमांची यादी दाखवणारे नवशिक्यांचे उदाहरण पहिल्या ओळीपासून करून दाखवले. जुना कोड उघडला गेला नाही. क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये छापली जाणारी बिले नव्या डॉटनेटवर चालत नाहीत, त्यांचे काय करायचे, असे आमच्यातील एकाने विचारले. तेव्हा ते अभ्यासक्रमात नाही असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्रे मात्र सर्वांना मिळाली. त्या प्रमाणपत्रांच्या आधारे आता ‘कर्मचारी प्रशिक्षित आहेत’ असे परिपत्रकात लिहिले गेले आहे. ते वाक्य वगळावे अशी आमची विनंती आहे, कारण ते खरे नाही.

तरी आमच्या मागण्या अशा:

प्रशिक्षण कार्यालयीन वेळेत, आठवड्यातून दोन दिवस, सलग बारा आठवडे असावे. वसुलीचा हंगाम संपल्यावर १५ एप्रिलपासून ते सुरू करावे आणि दोन तुकड्यांत घ्यावे, म्हणजे काउंटरचे काम एकही दिवस थांबणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार दाखले मुदतीत द्यावे लागतात, त्या मुदतींना धक्का लागणार नाही याची जबाबदारी आम्ही घेतो.

अभ्यास आपल्याच एका सेवेवर व्हावा. यासाठी आम्ही थकबाकी नसल्याचा दाखला सुचवतो. ही सेवा लहान आहे, पण तीत लॉगिन, मालमत्ता कराची माहिती, शुल्क आणि मराठी छपाई असे सगळे येते. बारा आठवड्यांअखेर हीच सेवा नव्या फ्रेमवर्कवर प्रत्यक्ष सुरू व्हावी आणि बाकीची प्रणाली जुन्यावरच चालत राहावी. पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी ठेवून कोणती विनंती जुन्याकडे आणि कोणती नव्याकडे जाईल हे ठरवता येते. मायक्रोसॉफ्टची यार्प ही मुक्त प्रणाली त्यासाठीच आहे. जुन्या वृक्षाच्या फांदीवर रुजलेला पिंपळ जसा हळूहळू जमिनीपर्यंत मुळे सोडतो, तसे हे एक-एक सेवा घेत करता येईल. सर्व प्रणाली एकाच रात्री बदलण्याचा धोका पत्करू नये. सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या माहितीतील नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक आधी बदलून घ्यावेत. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याच्या कक्षेत आपणही येतो.

प्रशिक्षक निवडताना त्याने स्वतः एक तरी वेब फॉर्म्स प्रणाली स्थलांतरित केलेली असावी, ही अट निविदेत घालावी. पुण्याच्या सी-डॅकसारख्या शासकीय संस्थेकडे प्रथम विचारणा करावी. शिकवणे मराठीत व्हावे. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहतील, त्याला हरकत नाही. पण शंका विचारताना अडखळावे लागले तर माणूस शंका विचारणेच सोडतो, हे आम्ही मागच्या सत्रात पाहिले.

परिपत्रकात डॉटनेट ८ चा उल्लेख आहे. त्या आवृत्तीचा सपोर्ट १० नोव्हेंबर २०२६ रोजी, म्हणजे आपले काम पूर्ण होण्याआधीच संपतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या डॉटनेट १० ला नोव्हेंबर २०२८ पर्यंत सपोर्ट आहे, तेव्हा उद्दिष्ट तेच ठेवावे. याच अनुषंगाने एक गोष्ट आपल्या विशेष लक्षात आणून देतो. जुने तंत्र एकदा शिकून आम्ही वीस वर्षे काम केले. नव्यात दर नोव्हेंबरला आवृत्ती येते आणि दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीलाही तीनच वर्षे मिळतात. म्हणून प्रशिक्षण हा एकवेळचा खर्च धरता येणार नाही. २०२६-२७ च्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि ते दरवर्षी चालू ठेवावे.

करारावरील विकासकांना वगळू नये. पाणीपट्टी आणि परवान्यांचा बहुतेक कोड त्यांच्या हातचा आहे. करार सहा महिन्यांचे असल्याने ‘शिकवून काय उपयोग, सोडून जातील’ असे म्हटले जाते. जे राहू इच्छितात त्यांचा करार स्थलांतर पूर्ण होईपर्यंतचा करावा. प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन कापू नये आणि प्रशिक्षणाअखेरच्या चाचणीचा निकाल कोणाला कमी करण्यासाठी वापरू नये. त्या भीतीखाली कोणी नीट शिकत नाही, चूक झाली तर ती लपवतो, आणि लपवलेली चूक पुढे बिलावर छापली जाते.

चाचणी सर्व्हर, कोडच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था आणि जुने संगणक बदलणे यांची यादी सोबत जोडली आहे. स्थलांतराचा काही भाग बाहेरच्या कंपनीला दिला, तर संपूर्ण कोड महानगरपालिकेच्या मालकीचा राहील आणि विभागातील दोन विकासक पहिल्या दिवसापासून त्या कामात असतील, अशी अट करारनाम्यात असावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी अंदाजपत्रक अंतिम होण्यापूर्वी आपण अर्धा तास द्यावा, ही विनंती. नाव-दुरुस्तीचे ते पान, पहिले बिघडलेले आणि नंतर दुरुस्त केलेले, दोन्ही आम्ही लॅपटॉपवर दाखवू.

आपले विश्वासू,
संगणक विभागातील कायम व करारावरील विकासक

सोबत : सह्यांचे पान, साहित्याची यादी, बारा आठवड्यांच्या अभ्यासाचा मसुदा
प्रत माहितीस्तव : मा. मुख्य लेखाधिकारी, मा. करनिर्धारक व संकलक