रंग उतरला, विष कोठे गेले?

विमानाला दिलेला रंग साऱ्या जगाला दिसतो. तो उतरवण्याचे काम मात्र भिंतीआड चालते. पत्र्याला तडे गेले आहेत काय, गंज चढला आहे काय, हे पाहण्यासाठी जुना रंग काढावाच लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षे मिथिलीन क्लोराइड, फिनॉल अशा रसायनांचा लेप द्यायचा आणि रंग फुगून सुटला की पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाकायचा, अशी रीत होती. विमान लख्ख होई. पण रसायन, पाणी आणि रंगाच्या अस्तरातील क्रोमियम यांचा विषारी गाळ मागे राही. मूठभर विषाचे हौदभर विष करण्याचाच हा प्रकार!

अमेरिकेतील युटा राज्यात हिल नावाचा हवाई दलाचा तळ आहे. तेथे 1980 नंतरच्या दशकात निराळा मार्ग काढण्यात आला. प्लॅस्टिकचे बारीक कण हवेच्या दाबाने रंगावर मारायचे. ते वाळूहून मऊ असतात. त्यामुळे रंग निघतो, पण पत्रा शाबूत राहतो. चाळून घेतले की तेच कण पुन्हा कामी येतात. एका फँटम विमानामागे पूर्वी सुमारे 10,000 पौंड ओला गाळ निघे. आता सुमारे 320 पौंड कोरडा कचरा उरू लागला. श्रमाचे तासही सुमारे 341 वरून 39 वर आले.

'पण विष उरलेच ना?' असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. त्या भुकटीत क्रोमियम असतेच आणि कामगाराच्या श्वासाची काळजी घ्यावीच लागते. परंतु जे थोडे आणि कोरडे आहे, ते सांभाळता येते. उलट, पूर्वी खड्ड्यांत ओतलेली द्रावके याच तळाच्या भूजलात उतरली आणि 1987 मध्ये अमेरिकेच्या अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत त्याचे नाव गेले. 'विल्हेवाट' हा शब्दच फसवा आहे. विषाची विल्हेवाट लागत नाही. ते फक्त दुसऱ्याच्या दारी जाते.

आपल्या देशाच्या 2016 च्या घातक कचरा नियमांतही आधी कचरा टाळणे, मग कमी करणे आणि सर्वांत शेवटी विल्हेवाट, असाच क्रम सांगितला आहे. व्यवहारात मात्र आपण शेवटच्या पायरीपासूनच विचार सुरू करतो.

हा विषय विज्ञान शाखेचा, आपल्याला काय त्याचे, असे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी म्हणू नये. रसायन कोणते वापरावे हे शास्त्रज्ञ सांगतील. पण कोणाच्या विहिरीच्या मोलाने आपली चकाकी विकत घ्यायची, हा प्रश्न माणुसकीचा आहे. तो विचारण्याचे काम आपले आहे.