कटआउटला दोष देण्याआधी

‘कटआउट उडाला होता, सध्या डायरेक्ट करून दिलाय. पार्ट आला की टाकू.’ जून ते सप्टेंबर या काळात ड्रायरच्या दुरुस्तीत हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की त्यात काही वावगं आहे असं आता कुणाला वाटतही नाही. पार्ट बहुधा येतच नाही. मशीन चालतंय म्हटल्यावर ग्राहक विचारत नाही, आणि आपणही दुसऱ्या कॉलवर गेलेलो असतो. पण तो कटआउट का उडाला, याचं उत्तर मशीनमध्ये तसंच पडून असतं.

उत्तर बहुतेक वेळा हवा हेच असतं. साध्या व्हेंटेड ड्रायरची कॉईल साधारण २००० वॅटची असते. तिच्यावरून ताशी १०० घनमीटर हवा जाते असं धरा, म्हणजे ती हवा सुमारे ६० अंशांनी तापेल. २८ अंशांची हवा ड्रममध्ये ८८ अंशांवर शिरते, ओल्या कपड्यांतलं पाणी उडवण्यात तिची उष्णता खर्च होते आणि बाहेर पडताना ती बरीच निवलेली असते. आता जाळीत लिंट साचला, मागचा पाइप भिंतीशी चेपला, हवा निम्मी झाली. कॉईलला त्याचं सोयरसुतक नाही, ती २००० वॅट ओततच राहते. तापमानातली वाढ दुप्पट होऊन कॉईलपाशी दीडशेच्या घरात जाऊ पाहते. हाय-लिमिट तोडतो, निवला की जोडतो, पुन्हा तोडतो. रोजच्या नियंत्रणासाठी तो बनवलेलाच नाही, म्हणून काही महिन्यांत त्याचे पॉइंट जळतात किंवा शेजारचा एकदाच उडणारा थर्मल फ्यूज जातो.

याच काळात ग्राहकाची तक्रार मात्र नेमकी उलटी असते : ‘गरमच होत नाही हो.’ त्याचंही खरं असतं. कॉईल निम्मा वेळ बंद, हवा कमी, कपडे दोन तासांनीही दमट. आपण थर्मोस्टॅट बदलतो, रिकामा ड्रम फिरवून गरम हवा हाताला लावून दाखवतो आणि पैसे घेतो. पंधरवड्यात पुन्हा फोन.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये याला आणखी एक फाटा आहे, तो म्हणजे ड्राय बाल्कनी. नावाला बाल्कनी, पण स्लायडिंग खिडक्यांनी चारी बाजूंनी बंद. ड्रायरची हवा तिथेच सुटते आणि मशीन तीच पुन्हा ओढतं. खोली २८ वरून ४० अंशांवर गेली की कॉईलनंतरची हवाही त्याच १२ अंशांनी वर चढते, आणि धडधाकट कटआउटसुद्धा तोडू लागतो. अशा घरी पार्टांची पेटी उघडण्याआधी खिडकी उघडावी.

म्हणून पहिली तपासणी पाइप काढून करा. ओले कपडे घाला, सोय असेल तर पाइपाचं तोंड मोकळं सोडा आणि के-टाइप प्रोब एक्झॉस्टमध्ये धरून तापमान कुठे तुटतं, कुठे जोडलं जातं ते पाहा. पाइपाविना सगळं ठीक चालत असेल तर दोष पाइपात. नसेल तर ब्लोअरचं पातं शाफ्टवर घसरतंय का, ड्रमच्या फेल्टमधून हवा बाहेरच्या बाहेर निसटतेय का, हे बघा. मग विजेकडे वळा. २३० व्होल्टवर २००० वॅटची कॉईल पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढते, ते क्लँपमीटरवर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर एकेका थर्मोस्टॅटच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा : कॉईल शाबूत असताना जो उघडा आहे त्याच्यावरच पूर्ण २३० येतील, बाकीच्यांवर शून्य. लाइव्ह मशीनवरचं काम आहे, तेव्हा हातमोजे आणि एक हात मागे, हे इथे सांगायची गरज नसावी.

व्होल्टेज विसरू नका. ते १९० वर आलं की कॉईलची ताकद दोनतृतीयांशच उरते.

जास्त तापण्याच्या तक्रारीत चिकटलेला रिले किंवा थर्मोस्टॅट सापडतोच, पण एक प्रकार सहसा निसटतो. जुन्या वायरिंगमध्ये सॉकेटचे फेज आणि न्यूट्रल उलटे असतात. कॉईल लोंबून पत्र्याला लागलेली असेल, तर थर्मोस्टॅटने न्यूट्रल तोडल्यावरही फेज कॉईलच्या तुकड्यातून अर्थिंगला जात राहतो. थर्मोस्टॅट उघडा, हीटर चालू! आरसीसीबी असेल तर ती पडते. नसेल आणि अर्थिंगही नसेल, तर पत्रा हाताला फेज देतो. टेस्टर तर सगळ्यांच्याच खिशात असतो, आधी सॉकेटला लावायला काय हरकत आहे?

इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये थर्मिस्टर असतो. त्याचा रेझिस्टन्स मॉडेलगणिक बदलतो, पण २५ अंशांना १० किलोओहमचा साधा एनटीसी ६० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास उतरायला हवा. तो फक्त थंड असताना मोजून ‘ओके’ म्हणू नका, कोमट पाण्यात बुडवून मोजा. आणि कपडे ओले असतानाच सायकल संपत असेल तर कार्ड मागवण्याआधी ड्रममधल्या सेन्सरच्या पट्ट्या स्पिरिटने पुसा. कंडिशनरचा थर बसला की ओले कपडेही त्यांना कोरडे वाटतात.

हे सगळं आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तरी ते होत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत. नवा थर्मोस्टॅट ग्राहकाच्या हातावर ठेवता येतो, साफ केलेला पाइप नाही. ‘फक्त कचरा काढलात, त्याचे एवढे?’ हे ऐकायची तयारी नसते, म्हणून चांगला पार्टही बदलला जातो. तपासणीची फी वेगळी, आधी सांगून आणि पावतीवर लिहून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. काहींचे ग्राहक तुटतील, हे कबूल.

डायरेक्ट करण्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या एका उंच निवासी इमारतीत ड्रायरमुळे आग लागली. त्या बनावटीच्या मशीनमध्ये साचलेला लिंट हीटरला लागू शकतो, असा इशारा उत्पादकाने २०१५ मध्येच दिला होता. तिथे कुणी कटआउट डायरेक्ट केला होता म्हणून हे घडलं नाही. लिंट आणि तापलेली कॉईल एवढंच पुरेसं असतं, आणि आपण वायरचा तुकडा लावतो तेव्हा त्या दोघांमधला शेवटचा पहारा काढून घेतो. पार्ट मिळेपर्यंत मशीन बंद ठेवा, प्लगवर तशी चिठ्ठी लावा.

थर्मिस्टरचे तक्ते कंपन्या सहजासहजी देत नाहीत, म्हणून ते आपणच जमवायचं ठरवलं आहे. मॉडेलचं नाव, थंड आणि गरम असतानाचा रेझिस्टन्स, एक्झॉस्टचं तोडण्या-जोडण्याचं तापमान आणि त्या वेळचं व्होल्टेज, एवढं कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा. येतील तसे तक्ते पुढच्या अंकापासून छापू.