नर्सरीचा रंगखडू कोणाच्या हातात?

जून महिना जवळ आला की खासगी नर्सरींच्या जाहिराती झळकू लागतात. एक आठवडा 'पाणी', दुसरा 'प्राणी', तिसरा 'आपले मदतनीस'. एकच विषय धरून मुले चित्र काढतात, गाणे म्हणतात, मणी मोजतात, गोष्ट ऐकतात. पद्धत चांगली आहे, याबद्दल वाद नाही. तीन-चार वर्षांचे मूल हाताने, डोळ्याने, खेळातूनच शिकते. सवाल एवढाच की, हे फी भरणाऱ्याच्याच मुलाला का? आणि आमच्या वस्तीतल्या मुलाच्या वाट्याला फक्त खिचडी का?

हे शिक्षण महागड्या साहित्यातून जन्मलेले नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावर नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. बिया, पाने, दगड, शिंपले हेच त्यांचे साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये पूर्वशालेय शिक्षण आहे. म्हणजे अंगणवाडीत गाणी, गोष्टी, रंगकाम होणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

आता कायद्याचे पाहू. मूळ संविधानाच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण, असे म्हटले होते. खालची वयोमर्यादा नव्हतीच. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती करावी, अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मूलभूत हक्क ठरवले. मात्र २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आणले आणि हक्क ६ ते १४ वयापुरता बांधून टाकला. सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वात ढकलले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ११ या मुलांसाठी शासन व्यवस्था 'करू शकेल' एवढेच म्हणते. २०२० चे शैक्षणिक धोरण वय ३ ते ८ हा शिक्षणाचा पाया मानते. पण पायाची पहिली तीन वर्षे हक्काबाहेरच! ज्याच्या खिशात पैसा, त्याचा पाया पक्का. बाकीचे पहिलीच्या वर्गात दोन पावले मागूनच सुरुवात करणार.

दुसरा मुद्दा आशयाचा. 'आपले मदतनीस' म्हटले की तक्त्यावर डॉक्टर, पोलीस, पोस्टमन हमखास असतात. पहाटे रस्ता झाडणारी बाई त्यात असते का? असली तर सन्मानाने असते का? तिच्या मुलाने आपल्या आईचे चित्र कुठे चिकटवायचे? 'आपले सण' या विषयात १४ एप्रिलला जागा आहे का? आपले घर, आपली माणसे वर्गाच्या भिंतीवर दिसत नाहीत, तेव्हा मूल न शिकवता एक धडा शिकते की, ही जागा माझी नाही. हा धडा पुसायला पुढे वर्षे जातात.

यात अंगणवाडी सेविकेला दोष देऊन चालणार नाही. तुटपुंज्या मानधनावर ती नोंदी, सर्वेक्षण, पोषण आहार सारे ओढते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही त्यांना लढून मिळवावा लागला. तिला वेळ, प्रशिक्षण आणि साहित्य द्या, मग हिशेब मागा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीतील अंगणवाडीत जावे. खेळाचे व शिक्षणाचे साहित्य केव्हा आले, ते कपाटात बंद आहे की मुलांच्या हातात, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. जागा नसेल तर विहाराचे दार रोज सकाळी दोन तास मुलांसाठी उघडावे. शिकलेल्या मुला-मुलींनी तिथे गोष्ट सांगावी, मातीचे बैल करवून घ्यावेत, आई-बापाच्या कामाचे चित्र काढून घ्यावे. आणि हे करताना शून्य ते सहा वयाचा शिक्षणहक्क कलम २१-अ मध्ये आणण्याची मागणी प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी. जयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी काढणारा समाज रंगखडूच्या एका डबीला मागे हटणार नाही.