जहाजावरून उतरल्यावर



हरसूल येथील एका व्यापारी कुटुंबाने कार्तिकी पौर्णिमेनंतर मुंबई–गोवा–मुंबई अशी क्रूझची सहल ठरविली आहे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत नऊ जण. जहाजावर जैन आहाराची सोय होते की नाही, याची चौकशी त्यांनी सर्वांत आधी केली, हे योग्यच झाले. वाद आहे तो परतीच्या वाटेचा. दुकान सांभाळणाऱ्या मुलांना बॅलार्ड पिअरला उतरताच समृद्धी महामार्ग धरून दुसऱ्या सकाळी दुकान उघडायचे आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना विक्रमगड, जव्हार, मोखाडा या जुन्या वाटेने यावयाचे आहे. दोन्ही पक्षांनी हिशेब मला विचारला. बँक सुटली तरी लोक हिशेबच विचारतात!

मुलांचे गणित चुकीचे नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट काही मिनिटांत मागे पडू लागला. त्याच संध्याकाळी घरी पोहोचणे शक्य आहे. परंतु जहाजावर कुटुंब एकत्र असते, हा एक भ्रम आहे. मुले पोहण्याच्या तलावाकडे, तरुण मंडळी रात्रीच्या कार्यक्रमाला आणि वडीलधारे केबिनमध्ये. नऊ जण खऱ्या अर्थाने एकत्र बसतात ते परतीच्या गाडीत. तोच वेळ वाचवून काय साधणार?

समुद्रप्रवासानंतर खुष्कीच्या मार्गाने घरी परतणाऱ्या श्रीपालराजाची कथा आपण आयंबिलच्या ओळीत ऐकत आलो आहोत. श्वेतांबर परंपरेतील कथेनुसार धवलशेठाने समुद्रात लोटलेला श्रीपाल नवपदांच्या प्रभावाने ठाण्याच्या किनाऱ्याला लागला. पुढे उज्जयिनीकडे परतताना त्याने सोपारक नगरीत, म्हणजे आजच्या सोपाऱ्यात, सर्पदंश झालेल्या राजकन्येचे प्राण वाचविले. ठाण्यात टेंभी नाक्यावरील श्रीमुनिसुव्रतस्वामींचे मंदिर कोकण शत्रुंजय म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे दर्शन घेऊन घोडबंदरमार्गे निघावे. सोपाऱ्याला मात्र वळू नये; तिथल्या गर्दीत दोन तास सहज जातील.

माझा आराखडा सूर्यास्तापासून उलटा मोजलेला आहे. आजोबांचा चौविहार अनेक वर्षांचा. मार्गशीर्षाच्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पाच वाजता पान वाढलेले असले पाहिजे. सामानासह जहाजातून बाहेर पडेपर्यंत दहा वाजतील असे धरावे. त्यामुळे पहिल्या दिवशी जव्हारच्या पुढे जाण्याचा हट्ट नको, मुक्काम तेथेच. हॉटेलला कंदमुळे, कांदा, लसूण वर्ज्य असल्याचे आधी दूरध्वनीने कळवावे आणि तरीही खाखरे, दशम्या व उकळलेले पाणी गाडीत ठेवावे. गाडी एकच, टेम्पो ट्रॅव्हलर, आणि चालक भाड्याचा. जहाजावर रात्री जागलेल्या मुलाच्या हाती घाटात चाक देऊ नये.

जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले असे सांगतात, तो शिरपामाळही तेथेच. पण आजोबांना ही वाट हवी आहे ती राजवाड्यासाठी नव्हे. नागली, वरई, खुरासणी, हिरडा घेऊन ज्या पाड्यांवरची माणसे त्यांच्या ओट्यावर येत, तसे पाडे, तसे उतार या वाटेवर पुन्हा पाहावयाचे आहेत. नातवंडांनी नागली पाहिली ती गोणीत. ती ज्या डोंगरावर उभी राहते तो त्यांनी पाहिलेला नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तो हाच जव्हार तालुका. आपल्या पेढ्या अशाच मुलखातल्या माणसांच्या कष्टांवर उभ्या राहिल्या, हे नातवंडांना आजोबांच्या तोंडून कळावे. असे सांगणारा माणूस दरवर्षी प्रवासाला येऊ शकेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुकानाच्या एका दिवसाचे म्हणाल तर बाजाराचा दिवस टाळून तारखा घ्याव्यात. उरलेल्या दिवसाचे गिऱ्हाईक फार तर दुसऱ्या दिवशी येईल.

दुसऱ्या सकाळी नवकारशीनंतर निघून मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर गाठावे. हरसूलची वाट धरण्यापूर्वी नाशिकच्या दिशेने थोडे पुढे अंजनेरीला जावे. तेथील जुन्या जैन मंदिरांपैकी एकात शके १०६३ चा संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेऊणदेव याच्या वाणी जातीच्या मंत्र्याने काही दुकानांचे उत्पन्न मंदिराला दिल्याची त्यात नोंद आहे. दुकानाचा दिवस बुडतो म्हणणाऱ्या मुलांना तो मुद्दाम दाखवावा. तेथून दुपारी निघाले तरी उजेडातच हरसूल येते आणि संध्याकाळचे पान घरी वाढता येते.