कोरिदा आणि शोकांतिकेचा उसना शब्द

स्पेनमधील या प्रकाराला मराठीत आपण सर्रास ‘बैलांची झुंज’ म्हणतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. बैलाशी बैल झुंजतो ती गोव्यातली धिरयो. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती बेकायदा ठरवली. स्पॅनिश ‘कोरिदा दे तोरोस’ म्हणजे शब्दशः ‘वळूंची धाव’. झुंज हा अर्थ त्या शब्दात नाही आणि, प्रत्यक्ष पाहिल्यावर वाटते, रिंगणातही फारसा नाही.

साहित्याचा अभ्यासक तिथे जातो तो बहुधा हेमिंग्वेचे बोट धरून. ‘डेथ इन द आफ्टरनून’ (१९३२) या ग्रंथात त्याने कोरिदाला खेळ न मानता शोकांतिका मानले. हा शब्द मनात ठेवूनच मी माद्रिदच्या लास वेंतास रिंगणात, मे महिन्यातील सान इसिद्रो उत्सवात, एका सायंकाळी बसलो होतो. तिकिटाचे दर उन्हातले आणि सावलीतले असे वेगळे. तीन मातादोर, सहा वळू. प्रत्येकाचे मरण साधारण वीस मिनिटांचे आणि तीन अंकांत विभागलेले. प्रथम घोडेस्वार पिकादोर मानेमागच्या उंचवट्यात भाला रुतवतो, म्हणजे वळूची मान खाली येते. मग काटेरी टोकाच्या रंगीत काठ्यांच्या जोड्या त्याच्या पाठीत रोवल्या जातात. अखेरीस लाल फडके आणि तलवार. घोड्याच्या अंगावर जाड कवच असते. ते १९२८ पासून सक्तीचे झाले. हेमिंग्वेने १९२३ मध्ये पहिली कोरिदा पाहिली तेव्हा तेही नव्हते.

लाल फडक्याच्या भागात सौंदर्य आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहाशे किलोंच्या आसपासचा जीव कमरेला घासून जात असताना पाय न हलवता उभे राहणे, आणि तेही संथ लयीत, यात नृत्याची शिस्त आहे. पण चौथ्या वळूच्या वेळी तलवार हाडावर आपटून उडाली. पुन्हा उडाली. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या वळूच्या यातनांसाठी नव्हत्या, कारागिरीतील दोषासाठी होत्या. एखाद्या गायकाचा सूर घसरावा आणि श्रोत्यांनी नापसंती दाखवावी, तसे. स्पेनमधील वृत्तपत्रांत कोरिदाची समीक्षा परंपरेने क्रीडेच्या पानाबाहेर का छापली जाते, ते तेव्हा उमगले.

आणि नेमक्या याच ठिकाणी ‘शोकांतिका’ हा शब्द गळून पडतो. संस्कृत नाट्यशास्त्राने रंगमंचावरील वध टाळायला सांगितला. भासाने ‘ऊरुभंगा’त तो संकेत मोडून दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिले. पण तो दुर्योधन आपले मरण जाणतो, त्याविषयी बोलतो, आणि ते काम करणारा नट पडद्यामागे उठून घरी जातो. करुणरसाला हे अंतर लागते. वळूला आपण कोणत्या नाटकात आहोत हे ठाऊक नसते आणि खेचरे त्याला ओढत नेतात तेव्हा प्रयोग संपलेला नसतो, जीव संपलेला असतो. लोर्काची प्रसिद्ध विलापिका इग्नासिओ सांचेस मेहियासवर आहे. निवृत्तीनंतर तो स्वेच्छेने रिंगणात परतला आणि १९३४ मध्ये वळूच्या शिंगाने मेला. शोकांतिका असलीच तर ती त्याची.

‘ती त्यांची संस्कृती आहे, आपण परके काय बोलणार?’ हा युक्तिवाद विनयशील वाटतो खरा. (बैलगाडा शर्यतींच्या वादात आपणही तो भरपूर ऐकला.) पण ‘त्यांची’ म्हणजे कोणाची? २०१० मध्ये कातालोनियाच्या संसदेने बंदीचा कायदा केला. २०१३ मध्ये माद्रिदच्या संसदेने कोरिदाला सांस्कृतिक वारसा ठरवले. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कातालोनियाची बंदी रद्द केली. २०२४ मध्ये खुद्द संस्कृती मंत्रालयाने कोरिदाचा राष्ट्रीय पुरस्कार बंद केला. म्हणजे भांडण घरातलेच आहे. त्यात मौन पाळणारा पाहुणा तटस्थ असतो असेही नाही. त्याने सावलीतल्या आसनाचे पैसे मोजलेले असतात. कौशल्यावर खूष झालेले प्रेक्षक मातादोरसाठी वळूचा कान मागत पांढरे रुमाल हलवू लागले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतील पर्यटकांनीही पिशव्यांतून कागदी रुमाल काढले.