जलविभाजक आणि आपली भाषा

नदी चंचल आणि डोंगर अचल ही विभागणी मराठी कवितेत इतकी रुळली आहे, की ती तपासून पाहावी असे सहसा कोणास वाटत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी पूर्वेस उतरले तर कृष्णेचे, पश्चिमेस उतरले तर कोकणचे. ही रेघ निसर्गाने कायमची आखून दिली आहे, असे आपण गृहीत धरतो. आमचे म्हणणे असे, की ही रेघ स्थिर नाही. आणि ती स्थिर मानण्याचे परिणाम कवितेपुरते राहत नाहीत.

महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचा उगम एकत्र मानला जातो. कृष्णा, कोयना, वेण्णा यांचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास मिळते, सावित्रीचे अरबी समुद्रास. लोककथेने या दुराव्याचा उलगडा यज्ञातील मानापमानाने आणि शापाने केला. भूगोल तो उताराने करतो. सावित्रीस समुद्र शंभरेक किलोमीटरवर, तर कृष्णेस सुमारे १,४०० किलोमीटरवर. उंची तीच असल्याने पश्चिमेचा उतार कितीतरी तीव्र आहे. तिकडचे ओढे खडक अधिक वेगाने कापतात, उगमाकडे मागे मागे कोरत जातात आणि जलविभाजक पूर्वेकडे रेटतात. कधी तर ते पलीकडच्या नदीचे शीरच तोडून तिचे पाणी आपल्याकडे वळवतात. भूगोलात यास ‘नदीचौर्य’ असा नेमका शब्द आहे. लोणावळ्याच्या कड्यालगत इंद्रायणीचे खोरे उगमापाशीच रुंद आणि उथळ दिसते. त्याचा वरचा भाग कड्याने गिळला असावा, असा अर्थ त्यातून निघतो. देहू-आळंदीची नदी आम्ही वर्गात नेहमी शिकवतो. तिची ही बाजू मात्र सांगत नाही.

निसर्गाच्या या चोरीस लक्षावधी वर्षे लागतात. माणसाने तेच काम एका पिढीत केले. कोयना महाबळेश्वरहून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशी पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. १९६०च्या दशकात तिच्यावर धरण झाले आणि तिचे पाणी बोगद्यांतून पोफळीकडे कोकणात सोडण्यात आले. वीज करून ते वाशिष्ठीत जाते. बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात या पश्चिमेकडील वळणास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे नकाशावर जलविभाजक जागच्या जागी आहे आणि व्यवहारात तो बोगद्याच्या तोंडाशी सरकला आहे. ज्यांची गावे त्यासाठी बुडाली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत.

आष्टा कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. येथील काळ्या रानात दोन नद्यांमधला जलविभाजक डोळ्यांस जाणवतही नाही. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांत मात्र पाणी कोठून येते आणि कोठे तुंबते, हा प्रश्न या भागात घरोघर विचारला गेला. याच खोऱ्यात टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी वीज खर्चून आटपाडीच्या दुष्काळी माळापर्यंत चढवावे लागते. आणि वर घाटमाथ्यावर त्याच खोऱ्याचे पाणी वीज मिळावी म्हणून पश्चिमेस उतरवले जाते. कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उभा राहिला हे आम्ही नाकारत नाही. पण हा निर्णय होता, निसर्गनियम नव्हे. आणि निर्णयाचा हिशेब मागता येतो.

यावर कोणी म्हणेल, प्रतिमेस भूशास्त्राचा जाब कशाला? कवीने डोंगर अचल म्हणावा, त्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती प्रतिमेचा युक्तिवाद होण्यास. ‘पाणी आपल्या वाटेने जाते’, ‘जे खोऱ्याचे ते खोऱ्याचे’ अशी वाक्ये सभांतून आणि अग्रलेखांतून येतात, तेव्हा त्यांना बळ याच जुन्या प्रतिमेचे असते. पाणी कोणी वळवले, कोणाला विचारून, कोणाच्या वाट्यातून, हे प्रश्न त्या वाक्यांत विरून जातात. शब्दांमागचे गृहीत उघड करणे हे तर साहित्याच्या अध्यापकाचे रोजचे काम. म्हणून नदीवरची कविता शिकवताना वर्गात तिच्या खोऱ्याचा नकाशाही लावावा, आणि त्यावर बोगदे कोठे आहेत हे विद्यार्थ्यांनी दाखवावे, एवढी आमची सूचना आहे.