संगणक तयार घ्यावा की जोडून घ्यावा?

मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, त्या द्वारकेला आमचे मोटारीच्या स्पेअर पार्टचे दुकान आहे. २०२५ च्या दिवाळीच्या सुटीत आयटीआयला शिकणारा भाचा दुकानावर आला आणि काउंटरला टेकून म्हणाला, "मामू, अम्मीला तुम्ही सांगा. ७० हजार पाहिजेत. पीसी घ्यायचा आहे." कशासाठी, असे विचारले तर म्हणाला, "गेमिंगसाठी." खेळासाठी ७० हजार! ज्या रकमेत आमच्या तरुणपणी चालू स्थितीतील रिक्षा आली असती, ती रक्कम एका डब्यात घालावयाची, हे ऐकून आधी रागच आला.

परंतु राग आवरून मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले, आणि त्यानंतर दीड-दोन महिने या विषयातच गेले. व्यापारी बंधूंपैकी अनेकांच्या घरी आज हाच प्रश्न उभा आहे. म्हणून जे शिकलो ते मांडत आहे.

प्रथम खेळाविषयी. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ हा जुगारच होय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने त्यांच्यावर बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मात्र वेगळे मानले. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळांना पदकेही होती. मुलगा यांपैकी नेमके काय खेळतो, हे पालकाने एकदा शेजारी बसून पाहावे. दुसरे असे की, ज्या यंत्रावर हे खेळ चालतात त्याच यंत्रावर फर्निचरचे त्रिमितीय नकाशे, फ्लेक्सची डिझाइने, लग्नाच्या व्हिडिओचे संपादन ही कामेही उत्तम होतात. त्यामुळे पैसे पाण्यात गेले असे समजण्याचे कारण नाही. अर्थात, मुलगा ते काम शिकेल तर.

आता मुख्य मुद्दा. बाजारात दोन मार्ग आहेत. कंपनीचा तयार संगणक घ्यावा, अथवा भाग वेगवेगळे घेऊन जोडावा. आपल्या लोकांना ही गोष्ट नवीन नाही. ट्रकची चासी कंपनीकडून येते आणि तिच्यावर बॉडी आपला मिस्त्री चढवितो, हे महामार्गावर राहणाऱ्यास सांगावयास नको. संगणकातही प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरविणारा एसएमपीएस हे सर्व भाग मोठ्या कारखान्यांतूनच येतात. जोडणारा फक्त त्यांची निवड करतो, ते बसवितो आणि तारा नीट ओवतो. स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या हातास हे काम एका दुपारचे आहे. खरे काम आहे ते निवडीचे.

तयार संगणकात ही निवड कंपनी करते, आणि तिचे लक्ष साहजिकच जाहिरातीवर असते. डब्यावर प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक छापलेले असते. जे छापलेले नसते ते पाहावे. एसएमपीएस किती वॉटचा आणि कोणत्या दर्जाचा? रॅमच्या दोन कांड्या आहेत की एकच? (एकच असेल तर खेळात यंत्र मंदावते.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मदरबोर्ड व एसएमपीएस बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण मापाचे आहेत काय? अनेक ब्रँडेड डब्यांत ते कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. चार वर्षांनी एसएमपीएस जळाला तर बाहेरचा बसत नाही आणि कंपनीचा मिळत नाही. गाडी धडधाकट पण पार्ट नाही म्हणून उभी, असे आपण रोज पाहतो. कंपनीच्या नावाची हमीही कायमची नसते. विप्रोसारख्या मोठ्या घराने २०१३ मध्ये स्वतःच्या नावाचे संगणक बनविणे थांबविले.

जोडलेल्या यंत्रात भाग बदलता येतात, आणि तेच त्याचे खरे बळ होय. एएमडी कंपनीचे उदाहरण घ्या. २०१७ मध्ये घेतलेल्या तिच्या अनेक मदरबोर्डांवर, बायोस नवे केल्यास, २०२२ मध्ये निघालेला प्रोसेसर बसू शकला. पाच वर्षांनी इंजिन बदलले, चासी तीच. प्रत्येक कंपनीचे असे असत नाही. म्हणून मदरबोर्ड घेताना त्याचे सॉकेट पुढे किती वर्षे चालणार, हे आधी विचारावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जोडूनच घ्यावा. थांबा. आमचीच फजिती सांगतो.

जीएसटी आल्यानंतरच्या काळात दुकानाच्या हिशेबासाठी एकाकडून संगणक जोडून घेतला. बिल मागितले तर तो म्हणाला, "मामू, बिल घेतलंत तर १८ टक्के जादा पडतील." आम्ही चिठ्ठीवर माल घेतला. चौदाव्या महिन्यात, पावसाळ्यात, एसएमपीएस जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. जोडणाऱ्याने वितरकाकडे बोट दाखविले, वितरकाने बिल मागितले, आणि आमच्या हातात होती एक चिठ्ठी. मदरबोर्डची हमी तीन वर्षांची होती, हे आम्हाला तेव्हा कळले. एसएमपीएस तर बिननावाचाच होता. डब्यावर ४५० वॉट लिहिलेले, आत काय होते ते अल्लाह जाणे. डुप्लिकेट ब्रेक लायनर आणि अस्सल ब्रेक लायनर यांतला फरक गिऱ्हाइकास समजावून सांगणारा मी, स्वतः मात्र फसलो. यात दोष त्याचा जितका, तितकाच माझा.

तेव्हा जोडून घेणाऱ्याने बिल पक्केच घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. प्रोसेसर कंपनीच्या खोक्यातलाच घ्यावा. खोक्यावाचून सुटा मिळणारा, ज्याला ट्रे म्हणतात, तो स्वस्त पडतो. परंतु खोक्यातल्या मालाला साधारणतः तीन वर्षे कंपनीची हमी असते, सुट्याची हमी मुख्यतः विकणाऱ्याच्या शब्दावर. चांगल्या एसएमपीएसला पाच वर्षे अथवा अधिक हमी मिळते. येथे दोन हजार वाचविणे म्हणजे बाकीचे ६८ हजार टांगणीला लावणे. तयार संगणकाला बहुधा एकच वर्षाची हमी असते. पण त्यात कंपनीचा माणूस घरी येतो, हेही विसरू नये. जोडलेल्यात कोणता भाग बिघडला हे आधी आपणच शोधावयाचे आणि मग त्या त्या कंपनीच्या सेवा केंद्राचे उंबरे झिजवावयाचे.

जीएसटीबद्दल व्यापाऱ्यांत एक गोड गैरसमज आहे. ७० हजारांच्या बिलात १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे १०,६७८ रुपये कर असतो, आणि 'दुकानाच्या नावे बिल घ्या, कर परत मिळेल' असा सल्ला हमखास दिला जातो. घरच्या वापरासाठी घेतलेल्या वस्तूवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, कायद्यात तसे स्पष्ट आहे. आणि कंपोझिशन योजनेतील छोट्या दुकानदारास ते कशावरच मिळत नाही. पोराच्या खेळाचे यंत्र दुकानाच्या वहीत घालू नये.

हप्त्याचा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक जवळचा. तयार संगणकावर 'व्याजविरहित हप्ता' अशी पाटी असते. कागद वाचला तर पुष्कळदा असे दिसते की बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत दाखविली जाते, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व प्रक्रिया शुल्क गिऱ्हाइकाच्या माथी येते. ज्यांना व्याजाला हात लावावयाचा नाही त्यांना जोडणीचा मार्ग येथे फार उपयोगी पडतो, कारण यंत्र टप्प्याटप्प्याने उभे करता येते. ज्यात ग्राफिक्स अंगभूत आहे असा प्रोसेसर आधी घ्यावा. त्यावर साधे खेळ आणि बाकी सर्व कामे चालतात. पुढे वर्षभराने रोख जमली की ग्राफिक्स कार्ड बसवावे. मात्र एक एक भाग घेऊन महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नये. हमीचे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात, आणि भाग खराब निघाला तर बदलून देण्याची मुदत तो जोडण्याआधीच संपून जाते.

आम्ही भाव काढण्यास गेलो. नाशकातील दुकाने पाहिली, मग सकाळच्या पंचवटीने दादर आणि तेथून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते विचारले तर दुकानदारही क्षणभर थांबतो. तेथे भाव थोडे कमी मिळतात हे खरे. पण दोन माणसांचे भाडे, जेवण, बुडालेला दिवस, आणि भाग बिघडल्यास पुन्हा १७० किलोमीटरची फेरी, हे सारे धरले तर नाशकात पक्के बिल देणारा बरा. सौदा करण्यासाठी मुंबईचा भाव खिशात असावा, एवढेच.

परंतु यंदाचा बाजार नेहमीचा नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव कित्येक पटींनी चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने क्रुशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकणे बंद करीत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी जुन्या भावाची रॅम भरलेला तयार संगणक दुकानात पडून असेल तर तो जोडलेल्यापेक्षा स्वस्त पडू शकतो. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईतही असेच झाले होते. आभासी चलन खणणाऱ्यांनी कार्डे उचलली, आणि लोक नुसत्या कार्डासाठी तयार यंत्रे घेऊ लागले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खणणे बंद झाले आणि तीच कार्डे जुन्या बाजारात लोटली. जुने कार्ड स्वस्त मिळाले तरी ते आधी कोठे राबले होते ते विचारावे, आणि अर्धा तास चालवून दाखविल्याखेरीज पैसे देऊ नयेत. टॅक्सीत पळालेली गाडी 'घरगुती वापराची' म्हणून विकणारे सगळीकडेच असतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी आपण बोलत नाही. जोडणारे पुष्कळजण विंडोज 'फुकट' टाकून देतात. ती फुकट नसते, चोरीची असते. चोरीचा सायलेन्सर दुकानात आला तर आपण परत पाठवितो, मग हे का ठेवून घ्यावे? तयार संगणकात परवाना बहुधा किमतीत धरलेला असतो. तुलना करताना जोडलेल्याच्या हिशेबातही तो धरावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा घरातल्या जुन्या यंत्राचा परवाना आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. लिनक्स खरोखर मोफत आहे आणि त्यावर आता बरेच खेळ चालतात. पण ऑनलाइन स्पर्धेचे काही खेळ चालत नाहीत, हे मुलाला आधी विचारावे.

यंत्र कोणतेही घ्या, द्वारकेची धूळ दोघांनाही सारखीच लागते. दिवसभर अवजड वाहने जातात, वरून उड्डाणपूल. पंख्यांवर काजळी धरते, आतली उष्णता बाहेर जात नाही आणि उन्हाळ्यात यंत्र मंदावते. कॅबिनेट पुढून जाळीचे आणि धुऊन लावता येईल अशा फिल्टरचे घ्यावे. दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा, मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. गॅरेजचा कॉम्प्रेसर मात्र लावू नये, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असते. जुन्या नाशकातील कित्येक घरांत अर्थिंग नाही; कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील तर आधी वायरमन बोलवावा. आणि दुकानाच्या बिलिंगसाठी चालणारा ६०० व्हीएचा यूपीएस येथे पुरणार नाही. तो साधारण ३६० वॉट देतो, ग्राफिक्स कार्डाचे यंत्र जोरात चालताना तेवढे सहज ओढते. १००० व्हीएचा तरी घ्यावा.

माझे मत विचाराल तर ज्या दुकानाचे काम एक दिवसही थांबू शकत नाही, त्याने तयार संगणक घ्यावा आणि हमी वाढवून घ्यावी. ज्या घरात हात चालविणारा मुलगा आहे त्याने जोडावा, आणि त्यालाच जोडू द्यावा. द्वारकेच्या गॅरेजांत इंजिन उतरवून चढविणारी पोरे आहेत. त्यांना मदरबोर्डवरचे चार स्क्रू जड नाहीत. आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याकडे आपली मुले फारशी वळत नाहीत. हे काम आपल्या वस्तीत पक्के बिल देऊन, सिरियल नंबर लिहून, अस्सल विंडोज टाकून कोणी करू लागला तर मी पहिला गिऱ्हाईक होईन. चिठ्ठीवर करणारे आहेतच.

भाच्याने अखेर जोडूनच घेतला. तयार संगणकाचा एक भाव खरोखर स्वस्त निघाला होता. पण आत एसएमपीएस कोणता ते दुकानदारास सांगता येईना, तेव्हा तो सोडला. ग्राफिक्स कार्ड सध्या घेतलेले नाही. रॅमचीही एकच कांडी घेतली आहे. मदरबोर्डवरील दुसरी जागा भाव उतरेपर्यंत रिकामी राहील. त्याच्या अम्मीने घातलेली अट एवढीच की, मामूच्या दुकानाचा माल-हिशेब त्याने रविवारी त्या यंत्रावर चढवावयाचा. दोन रविवार आला, तिसऱ्या रविवारी त्याची स्पर्धा होती.